मदत हवी आहे: नागपूर ते कन्याकुमारी, चार जण, तीन गाड्या

नमस्कार मंडळी. डिसेंबरात झिरो माईलवरून निघून चव्वेचाळीस नंबरच्या हायवेने हिंगणघाट, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बेंगळुरू, मदुराई करत थेट कन्याकुमारी. दोन स्प्लेंडर, एक जुनी बुलेट.

सोबत मित्राच्या गावच्या शाळेसाठी पुस्तकांचे पैसेही जमवून राहिलो. दोन रविवार तर्री पोह्यांचा स्टॉल लावला. पोहे संपले, पण अर्धे गिऱ्हाईक आमचेच नातेवाईक, अन् मामाने तर उधारीवर खाल्ले! आता ओळखीबाहेरच्या लोकांकडे जायचं आहे. खरी अडचण इथंच आहे. पैसे सध्या माझ्या एकट्याच्या यूपीआयवर येतात, ते मला पटत नाही. दोघांच्या नावे वेगळं खातं उघडावं, की शाळेच्याच खात्यात थेट टाकायला सांगावं? पेट्रोल आमच्या खिशातूनच, तरी "फिरायला पैसे मागता का बे?" हे एकदा ऐकून झालंय.

दुसरं, बुलेटची चाकं तारांची, म्हणजे ट्यूबवाली. रस्त्यात पंक्चर झालं तर स्वतः ट्यूब बदलायला नागपुरात कोणी शिकवेल का? सीताबर्डी, धरमपेठ, कुठंही येतो. अन् घाटात मागे सामान किती बांधावं, तेही अनुभवी भाऊ-ताईंनी सांगा.