आमदाराचं मत १७५ला, खासदाराचं ७००ला (काल रात्रीची ग्रुपवरची चर्चा)

बी-४०१ सावंत: *फॉरवर्डेड* राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्राची ५०,४०० मतं!! ज्याचं राज्यात सरकार, त्याच्या खिशात सगळीच्या सगळी मतं. जागे व्हा, दहा जणांना पाठवा 🙏

सी-१०३ कुलकर्णीकाका: सावंत, ५०,४०० हा आकडा बरोबर आहे. बाकीचा मेसेज अमेरिकेचा आहे.

सावंत: म्हणजे काय काका?

कुलकर्णीकाका: तुमचा मुलगा एडिसनला आहे ना, त्यालाच विचारा. न्यू जर्सीत ज्याला एक मत जास्त, त्याला तिथली १४च्या १४ इलेक्टोरल मतं. आपल्याकडे राज्य असं गठ्ठ्यानं मत देत नाही. विधानभवनात एकेक आमदार आत जातो, आपला कागद आपण भरतो, पेटीत टाकतो. २०२२ला महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आमदारांची मतं पडली, यशवंत सिन्हांना ९८. सरकार शिंदे-फडणवीसांचं होतं, तरी ९८ तिकडे गेलीच की.

ए-२०२ नेहा: काका, हिशोब मी टाकते, एमपीएससीला हाच पाठ केलाय 😅 १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा १००० नं. येतात १७५. म्हणजे आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. गुणिले २८८, झाले ५०,४००. शिवाय लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ खासदार, २०२२च्या हिशोबानं प्रत्येकी ७००, ते ४६,९००. दोन्ही मिळून ९७,३००. देशाची एकूण मतं २०२२ला १०,८६,४३१ होती.

सावंत: खासदार ७०० का? गोल आकडा ठरवून दिलाय का कोणी?

नेहा: नाही. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज भागिले ७७६ खासदार. २०१७ला ते ७०८ आलं होतं. २०२२ला जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, तिथली मतं गळली, म्हणून ७००. काश्मीरची विधानसभा गेली आणि आपल्या जळगावच्या खासदाराच्या मताची किंमत आठनं उतरली.

बी-१०४ अय्यर अण्णा: तमिळनाडूचा आमदार १७६ 😎 तुमच्यापेक्षा एकानं महाग.

ए-३०३ सुषमाकाकू: अण्णा, चाळीस वर्षं पनवेलमध्ये राहून अजून ‘तुमच्यापेक्षा’?

अय्यर अण्णा: क्रिकेट आणि राष्ट्रपती, या दोन वेळेला मी तमिळ असतो काकू.

कुलकर्णीकाका: अण्णा, १९७१चं आहे म्हणून १७६. २०११ची जनगणना धरा. महाराष्ट्राचा आमदार ३९०वर जातो, तुमचा ३०८वर. उत्तर प्रदेशचा आज २०८ आहे, तो ४९६ होतो.

अय्यर अण्णा: बरोबर. सरकार म्हणालं कुटुंब छोटं ठेवा, आम्ही ठेवलं. आता त्याचीच शिक्षा म्हणून ३०८?

नेहा: म्हणूनच तर आकडा गोठवलाय अण्णा. १९७६ची ४२वी घटनादुरुस्ती, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून. तेव्हा २००० सालापर्यंतच होतं. पुढे ८४व्या दुरुस्तीनं मुदत वाढवली: २०२६ नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे येईपर्यंत १९७१च.

सुषमाकाकू: पण महाराष्ट्र नुसता पाळण्यांनी वाढलेला नाही हो. मुंबई, ठाणे, पुणे, आपलं पनवेल. निम्म्या सोसायटीचं गाव दुसरीकडे आहे. कामाला आलेली माणसं इथे राहतात, इथलं पाणी पितात, आणि राष्ट्रपती निवडताना ती मोजायचीच नाहीत? ५५ वर्षांपूर्वी गावाला जितकी होती तितकीच धरायची? अण्णांचं म्हणणं मला पटतं, पण हेही पटत नाही.

डी-२०१ मोरेदादा: बाहेरून आलेल्यांचं बोलायचं तर
*हा मेसेज हटवला आहे*

सेक्रेटरी (ए-१०१): मोरे, हटवलात ते बरं केलंत. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या सकाळी ७ ते ९ टाकीची सफाई, पाणी भरून ठेवा.

कुलकर्णीकाका: सेक्रेटरीसाहेब, राजकारण नाही, गणित चाललंय. काकू, तुमच्या मुद्द्याला एक जोड देतो. राज्याच्या आतही हीच गंमत आहे. आपल्या पनवेल मतदारसंघात सहा लाखांवर मतदार, चिंचवडलाही तितकेच. तिकडे वडाळ्याला दोन लाखांच्या आसपास. पण राष्ट्रपतीच्या पेटीत तिन्ही आमदार १७५चेच.

सेक्रेटरी: आपल्या एजीएमसारखं. वन आरके असो नाहीतर थ्री बीएचके, हात एकच वर होतो.

सुषमाकाकू: आणि मेंटेनन्स मात्र चौरस फुटावर 🙄

सेक्रेटरी: काकू, तो विषय एजीएमलाच.

सी-४०२ पाटील: काका, २०२२ला क्रॉस व्होटिंगची केवढी बोंब होती. मत गुप्त असतं म्हणता, मग कोण फुटलं हे कळतं कसं?

कुलकर्णीकाका: कोण ते कळत नाही, किती ते कळतं. कारण निकाल राज्यवार जाहीर होतो. राज्यसभेला आमदार आपला कागद पक्षाच्या एजंटाला दाखवून टाकतो, इथे तसा दाखवायचा नाही. व्हीपही (अमुकलाच मत द्या असा पक्षाचा आदेश) काढता येत नाही, पक्षांतरबंदी लागत नाही. त्यामुळे एकूण आकडा घेऊन घरी बसून वजाबाकी करायची, एवढंच हातात.

२०२२ची वजाबाकी करून दाखवतो. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावात शिंदे सरकारला १६४, विरोधात ९९. १८ जुलैला राष्ट्रपतीचं मतदान. मधल्या काळात उद्धव ठाकऱ्यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला, त्यांच्या बाजूला तेव्हा पंधराएक आमदार उरले होते. १६४ मध्ये ते मिळवा, ठरावाला मत न दिलेले अध्यक्ष आणि आजारी मंडळी धरा, १८१ जवळपास येतात. आदल्या महिन्यात पक्ष उभा फुटला होता, दोन्ही गट एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि राष्ट्रपतीसाठी दोघांनी एकाच नावापुढे १ लिहिला. मला विचाराल तर ‘अमुक इतके फुटले’ या बातम्यांपेक्षा हे जास्त बघण्यासारखं होतं.

पाटील: आणि उद्धवजींचं मत?

नेहा: त्यांना मतच नव्हतं 😀 ते तेव्हा विधान परिषदेचे आमदार. परिषदेचे ७८ जण यात येत नाहीत, फक्त विधानसभेचे. पाठिंबा त्यांचा, मतं दुसऱ्यांची.

मोरेदादा: शिवसेनेनं हे आधीपण केलंय. प्रतिभाताईंच्या वेळी.

कुलकर्णीकाका: हो, २००७. एनडीएचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना, सेना एनडीएत, तरी बाळासाहेबांनी मराठी बाई राष्ट्रपती होतेय म्हणून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली. २०१२लाही युतीत राहून प्रणव मुखर्जींना. भाजपचा उमेदवार किंवा भाजपनं उचललेला, दोन्ही वेळा सेना पलीकडे. महाराष्ट्र ‘कसं मत देतो’ असं विचारलंत तर सरळ उत्तर नाही, पण या निवडणुकीत इथे पक्षाची रेघ मोडायला फारसं कुणी घाबरत नाही, एवढं दिसतं.

सुषमाकाकू: त्या दिवशी पेढे वाटले होते आमच्या माहेरी. जळगावचे आम्ही 🙂

अय्यर अण्णा: पण सप्टेंबर २०२५ ला पुन्हा निवडणूक झाली ना? आमचे राधाकृष्णन आले.

नेहा: ती उपराष्ट्रपतीची अण्णा. त्यात आमदार नसतातच, फक्त खासदार. आणि ते तुमचे तसे आमचेही, आले तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

बी-४०१ सावंत: मतपत्रिका कशी असते? मशीन आहे का?

नेहा: मशीन नाही. आमदाराची कागदी पत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. आतमध्ये निवडणूक आयोगाचंच जांभळ्या शाईचं पेन, स्वतःचं चालत नाही. पसंतीचा आकडा लिहायचा. मराठी १ चालतो, रोमनही चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की मत बाद.

पाटील: आपले काही आमदार सहीसुद्धा नीट

सेक्रेटरी: पाटील.

पाटील: बरं 🙏

नेहा: आणि पेटी विमानानं दिल्लीला जाते. अधिकाऱ्याच्या शेजारच्या सीटवर. २०२२ला तिच्यासाठी ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ नावानं वेगळं तिकीट काढलं होतं.

सुषमाकाकू: खिडकीची सीट?

नेहा: ते नाही विचारलं परीक्षेत 😂

बी-४०१ सावंत: मुलाचा रिप्लाय आला. म्हणतो, बाबा, काका बरोबर आहेत, पण अमेरिकेतही मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं मतं वाटून देतात.

कुलकर्णीकाका: शाबास. ते मी लिहायचं राहिलं.

सावंत: मग आता इथून पुढचं सांगा. मुर्मूंची शपथ २५ जुलै २०२२ची, म्हणजे २५ जुलै २०२७च्या आधी पुन्हा हेच. तेव्हा महाराष्ट्र?

कुलकर्णीकाका: नोव्हेंबर २०२४च्या निकालानं धरलं तर महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांचे २३०. गुणिले १७५, ४०,२५० मतं. बाकी उरलेल्या ५८ जणांची १०,१५०. आणि २३० म्हणजे तीन पक्ष, त्यात व्हीप नाही, कागद गुप्त. मोजदाद तेव्हाच करू.

अय्यर अण्णा: आणि १७६?

नेहा: नव्या जनगणनेचे आकडे तोवर जाहीर झाले नाहीत तर तुमचा १७६ कायम अण्णा.

सेक्रेटरी: टँकर सात वाजता येतोय, पावणेसातला गाड्या हलवा. मोरे, तुमची स्कूटर पुन्हा गेटसमोर आहे.