वीटभट्टीवर पुन्हा जायचंय, पण गेल्या वर्षीसारखं नको

वाडीवाली
नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा. आम्ही वसईचे, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतली वस्ती) प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, काहीतरी सेवाकार्य करायचंच अशी पद्धत आहे, राखेच्या बुधवारी म्हणजे त्याच्या पहिल्या दिवशी मुलांना पुठ्ठ्याचे डबे देतात, मटण-मासळी सोडायची आणि वाचलेले पैसे त्यात टाकायचे. गेल्या वर्षी त्या पैशातून आमच्या समूहातली पंधरा कुटुंबं मुलाबाळांसकट वाडा तालुक्याच्या बाजूला एका वीटभट्टीवर गेलो. टेम्पो भरून तांदूळ, तेल, जुने कपडे, बिस्किटं, फुगे. पुढे बॅनर. शेठने सगळ्यांना काम थांबवून रांगेत उभं केलं, आम्ही एकेकाच्या हातात पिशवी देणार आणि आमच्यातलाच एकजण फोटो काढणार, पिशवी दोघांनी धरायची आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. दीड तासात सगळं आटपून वाटेत हॉटेलात जेवलो पण.

घरी आल्यावर माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, मम्मी त्या मुलीने फ्रॉक उलटसुलट करून बघितला आणि परत ढिगात ठेवला, तो माझाच होता, त्याला मागे बटणं नव्हती. मी काय बोलणार, बटणं नाहीत म्हणूनच तर मी तो पिशवीत टाकलेला.

यंदा परत विषय निघालाय. मला जायचंय पण असं नाही. मुलांना न्यावं का? काय न्यावं? आमचे हे म्हणतात पैसे देऊन टाक कुठल्यातरी संस्थेला, आपल्याला त्यातलं कळत नाही. आणि ग्रुपवर एकीने लिहिलंय की हल्ली जाऊच नका, धर्मांतराचा आळ यायचा. अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज, नुसतं गॉड ब्लेस यू नको.

जुना_व्हिन्सेंटवाला
ताई, मी बावीस वर्षं व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत (गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था) आहे म्हणून आमची रीत सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये निघाली, काढणारा ओझानाम तेव्हा अवघा २० वर्षांचा कॉलेजचा पोरगा होता आणि बरोबरची पण बहुतेक तसलीच. त्यांना गरिबांच्या घरी कसं जायचं हेसुद्धा माहीत नव्हतं, रोझाली नावाच्या एका सिस्टरने त्यांना हाताला धरून शिकवलं, कुठल्या घरी जा, कसं बोला. भारतात १८६३ पासून आहे. एवढ्या वर्षांत मूळ काम बदललेलं नाही: दोघा दोघांनी घरी जायचं आणि बसायचं. पंधरा कुटुंबं एकदम गेली की ती भेट होत नाही हो, ती वरात होते.

पैशाचं पण तसंच. आमच्या मीटिंगच्या शेवटी एक पिशवी फिरते, प्रत्येकाने मूठ बंद करून आत हात घालायचा, कोणी पाचशे टाकले आणि कोणी काहीच नाही हे शेजारच्याला कळत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे आपण दरवर्षी राखेच्या बुधवारी वाचतो आणि नंतर बॅनर छापायला देतो.

माझी पण एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका विधवा बाईला आम्ही शिलाई मशीन घेऊन दिलं, मीच पुढाकार घेतलेला, फार खूश होतो. तीन महिन्यांनी गेलो तर मशीन नाही. विकलं. मी चिडलो, बोललो पण जरा जास्तच. ती शांतपणे म्हणाली, दादा मला शिवता येत नाही, मी तुम्हाला भाड्याचं सांगत होते. खरंच सांगत होती, पहिल्याच भेटीत. माझं लक्ष वहीत फॉर्म भरण्याकडे होतं.

मुलांना न्या, पण दोनच. आणि वाटायला काही त्यांच्या हातात देऊ नका, देणारा आणि घेणारा असं झालं की खेळ होत नाही.

उसगावकडचा_मास्तर
मी ख्रिश्चन नाही, झेडपी शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या आसपास भट्ट्याच भट्ट्या, म्हणून लिहितो. आधी तिथे काय चालतं ते समजून घ्या. ही माणसं जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातली, वारली, कातकरी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो किंवा लग्न-आजारपण निघतं तेव्हा शेठकडून उचल (आगाऊ पैसे) घेतात, दिवाळी झाली की नवराबायको पोरांसकट भट्टीवर येतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत विटा थापून ती उचल फेडतात. आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, तेवढ्यात मीठमिरची भागवायची. हिशोब शेवटी. हजार विटांमागे भाव ठरलेला असतो पण किती हजार झाल्या ते लिहितो शेठ. उचलीच्या नावाखाली माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आमच्या भागात श्रमजीवी संघटनेने (आदिवासी मजुरांची संघटना) त्यावरच लढे दिले, पूर्वीपेक्षा फरक पडलाय पण संपलंय असं कोणी म्हणू नये.

आता तुमचं जाणं. ही माणसं पहाटे अंधारात उठून थापायला बसतात, दुपारी जरा पडतात. तुम्ही अकरा वाजता जाऊन रांग लावली म्हणजे त्यांचं काम तरी बुडवलं नाहीतर झोप तरी. त्या दिवसाच्या विटा कमी भरल्या त्याचे पैसे कोणी दिले का त्यांना? राग मानू नका. संध्याकाळी जा, स्वयंपाकाच्या आधी. जुने कपडे नेऊ नका, भोंग्यात ठेवायला जागाच नसते. भोंगा म्हणजे त्यांची झोपडी, विटा रचून वर पेंढा नाहीतर ताडपत्री, वाकून आत जावं लागतं. याच भोंग्यांवरून भट्टीवरच्या शाळांना भोंगाशाळा नाव पडलं.

तांदळाचं म्हणाल तर तो त्यांच्या हक्काचा आहेच. गावाकडच्या रेशनकार्डावर इथल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं, माणशी ५ किलो, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांचं कार्ड) असेल तर कार्डामागे ३५ किलो. म्हातारी गावाला असेल तर तिचं तिने तिकडे उचलायचं आणि यांनी यांचं इकडे. पण दुकानदार म्हणतो तुमचं कार्ड इथलं नाही, की हे मागे फिरतात. तिथे चपला घालून, नीट मराठी बोलणारं माणूस सोबत उभं राहिलं ना, तर अर्धं काम होतं. तुमच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा ते मोठं. तसंच पोरांचं: गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं ते दाखवलं की जवळच्या शाळेत बसवून घ्यावंच लागतं. लहानांना जवळच्या अंगणवाडीत आहार मिळायला हवा. हे विचारत बसणारं कोणी नसतं.

सरळ_बोलतो
सगळं छान छान चाललंय पण मुद्द्याचं कोणी बोलत नाही. आधी तांदूळ, मग फुगे, मग प्रार्थना, मग गळ्यात क्रूस. आदिवासी पाड्यांवर हे आम्ही बघितलंय. गरिबी हटवायची तर आपल्या वसईतच करा की.

वाडीवाली
@सरळ_बोलतो, दादा मी प्रामाणिकपणे सांगते, आमच्या टेम्पोत बायबल नव्हतं की पत्रकं नव्हती. पण बॅनरवर क्रूस होता आणि चर्चचं नाव होतं हे खरं, तुम्ही विचारल्यावर आत्ता मला वाटतंय की तो तरी कशाला हवा होता. यंदा नसेल.

उसगावकडचा_मास्तर
@सरळ_बोलतो, शंका विचारलीत ते बरं केलंत, मनात ठेवण्यापेक्षा. पण मी तिथेच राहतो, त्या पोरांच्या हजेऱ्या मी घेतो, तुम्ही पण या एकदा रेशन दुकानात माझ्यासोबत उभे राहायला. कुठल्याही धर्माचं माणूस चालतं तिथे, अंगठा फक्त त्यांचा लागतो. आणि ताई, जाण्याआधी सरपंच आणि पोलीस पाटलाच्या कानावर घाला, फोन केला तरी पुरे. प्रार्थना, गाणी, फोटो काही नको. शेठशी भांडायला पण जाऊ नका, तुम्ही रात्री घरी जाणार आणि राग त्यांच्यावर निघणार. मारहाण किंवा कोंडून ठेवल्याचं दिसलंच तर सरळ तहसीलदारांकडे लेखी द्या.

नगरची_लेक
मी प्रोटेस्टंट, माहेर नगर, आता पुण्यात. आमच्या मंडळीत पण नाताळला ब्लँकेट वाटप असतंच आणि जानेवारीत तीच ब्लँकेटं बाजारात, ते जाऊ दे. एक वेगळं सांगते. आमचे साहेब फौजेत, तेव्हा काही वर्षं मिझोराममध्ये ऐझॉलला होतो. तिथे मिझो लोकांत घरोघरी एक पद्धत आहे, बुहफाई थाम म्हणतात, स्वयंपाकाला तांदूळ घेताना आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची, रोज दोन्ही वेळा. चर्चच्या बायका येऊन ते गोळा करतात, विकतात आणि त्यातून चर्चचं काम चालतं. १९१० पासून चाललंय म्हणे आणि श्रीमंत घर असो की गरीब, मूठ सारखीच. मी परत आल्यावर आमच्या आठ घरांत सुरू केलं. पहिला महिना उत्साह, दुसऱ्या महिन्यात तिघी विसरल्या, माझ्या सासूबाईंनी डब्यातलेच तांदूळ पाहुण्यांना शिजवून घातले 😄 पण चालू आहे. आमचे तांदूळ लांब कुठे जात नाहीत, चर्चच्या मागच्या गल्लीत दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात त्यांना जातात, आणि पोचवायला मुलंच जातात कारण आजी त्यांना थांबवून गोष्टी सांगते, उशीर होतो म्हणून मी ओरडते ते वेगळं.

म्हणून तुमचे हे म्हणतात तसं नुसते पैसे देणं मला पटत नाही. द्या, पण पैसे दिले की आपण मोकळे होतो ना, तेच नकोय तुम्हाला असं मला वाटलं वाचून.

जुना_व्हिन्सेंटवाला
@नगरची_लेक सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पाहुणे पण गरजू असू शकतात.

वाडीवाली
सॉरी, महिनाभराने येतेय. सांगायचं तर चार जोडपीच तयार झाली, बाकीच्यांनी बॅनर नाही म्हटल्यावर यंदा जमणार नाही कळवलं. ठरवलं की एकच भट्टी, प्रत्येक जोडप्याने दोनच भोंगे धरायचे आणि तेच, दर पंधरा दिवसांनी. तीन वेळा जाऊन आलो. पहिल्या वेळी काहीच नेलं नाही, इतकं अवघडल्यासारखं झालं की काय सांगू, रिकाम्या हाताने कोणाकडे जायची सवयच नाही आपल्याला. आम्हीच तिथे काळा चहा पिऊन आलो. दुसऱ्या वेळी वाडीतली केळी नेली, पाहुण्याकडे नेतो तशी.

मास्तर, रेशनचं तुम्ही सांगितलंत तसं केलं. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग मशीन काढलं, तर बाईचा अंगठाच उमटेना. चिखल थापून थापून बोटांच्या रेघा गेल्यात. दहाही बोटं लावून बघितली. शेवटी तिच्या नवऱ्याचा डावा अंगठा लागला आणि धान्य मिळालं, तिघांचं १५ किलो. त्यात आमचे दोन तास आणि तिची अर्ध्या दिवसाची थापणी गेली, म्हणून पुढच्या वेळी बाजाराच्या दिवशीच न्यायचं ठरवलंय. हमी कार्ड एकाकडेच होतं, बाकी तिघांसाठी गावच्या शाळेच्या सरांना फोन लावलेत, एकांनी उचलला.

मुलगी तिथल्या दोघींबरोबर सागरगोटे खेळते आणि सपाटून हरते. फ्रॉकवाली नाही भेटली, ती भट्टी वेगळी होती.

आता एक विचारायचंय. आमच्या भोंग्यातली मावशी म्हणते पावसाआधी हिशोब झाला की आम्ही गावी जाणार, तुम्ही एकदा तिकडे या. मोखाड्याच्या पुढे खोडाळ्याच्या बाजूला पाडा आहे. आम्हाला जायचंय, गाडी न नेता. जव्हारवरून पुढे एसटीचं कसं काय असतं?

उसगावकडचा_मास्तर
जव्हार डेपोतून मिळेल, पण खोडाळ्याच्या गाड्यांचं टाइमटेबल आदल्या दिवशी डेपोत फोन करूनच विचारा. परतीची शेवटची कधी ते आधी विचारा. आणि बोट न उमटण्याचं तालुक्याच्या पुरवठा शाखेत लेखी द्या, अर्ज मी लिहून देतो, मेसेज करा.