मदत हवी आहे: पावसाच्या खंडात तुळस-कोथिंबिरीला जिवाणूंचा खरंच आधार होतो का?

राम राम मंडळी,

बीड जिल्ह्यात, आष्टीकडं आमची हलकी जमीन आहे. वीतभर मातीखाली नुसता मुरूम. खरिपात एका तुकड्यात तुळस आणि शेजारी कोथिंबीर असते. बोअर कसाबसा चालतो, खरी मारामार ऑगस्टातल्या खंडाची. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेलच, १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट गेला नव्हता. तुळशीची खालची पानं पिवळी पडून गळाली, नुसत्या काड्या उरल्या. कोथिंबीर तर चार बोटं असतानाच फुलावर आली. अशा जुडीला बाजारात कोण विचारतो?

मुळांभोवतीचे काही जिवाणू पाण्याच्या ताणात झाडाला सावरतात, असं वाचलं. मला कळलं ते असं: पाणी तुटलं की झाडात इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढतं, मुळं थांबतात, पानं गळतात. काही सुडोमोनास आणि बॅसिलस जिवाणूंकडं असं विकर (एन्झाइम) असतं, की ते इथिलीनचा कच्चा मालच मोडून टाकतं. शिवाय ते चिकट पदार्थ सोडतात, त्यानं मुळाला माती धरून राहते आणि ओल जरा टिकते. इथवर पटतं. पण दुकानदार "एक बाटली सोडा, एक पाणी वाचलंच समजा" म्हणतो, ते काही गळी उतरत नाही.

अडचण अशी की तुळशीचं बी अगदी बारीक, ओलं केलं की बुळबुळीत होऊन गोळे होतात. त्याला बीजप्रक्रिया करायची कशी? धने आम्ही चपलेनं रगडून दोन डाळी करतो आणि थायरम हे बुरशीनाशक चोळतो. त्यावर जिवाणू जगतील का? आणि तापलेल्या मुरमात ते तरी तग कसा धरणार? परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयुक्त जिवाणू-बुरशींचं मिश्रण) हळद-आल्याला वापरतात, तुळशीला कुणी दिलंय का?

प्रतिसाद:
दादा, खंड पडल्यावर द्यायचं म्हणजे वरातीमागून घोडं. मुळं वाढत असताना, जमिनीत ओल असतानाच जिवाणूंचं बस्तान बसलं पाहिजे. बॅसिलस बीजाणू (टणक सुप्त पेशी) करून कोरड्यात पडून राहतो, सुडोमोनास त्या मानानं नाजूक. धन्याला थायरम लावायचंच असेल तर आधी ते, जिवाणू सगळ्यात शेवटी, मग सावलीत सुकवून लगेच पेरा. मी तर थायरम सोडून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशीच लावतो. बायोमिक्स मी आल्याला दिलंय, तुळशीचं माहीत नाही.

प्रतिसाद:
तुळशीच्या बियाच्या नादी लागू नका. लावणीच्या वेळी रोपांची मुळं जिवाणूंच्या द्रावणात बुडवा, तीही ऊन उतरल्यावर. उरलेलं द्रावण कुजलेल्या शेणखतात कालवून, ओल्या पोत्यानं झाकून ठेवा आणि सरीत टाका. शेणखतच नसेल तर जिवाणू खातील काय? दोन-चार ओळी बिनजिवाणूच्या सोडा, फरक डोळ्यांनी दिसेल. पाणी मात्र जिवाणू देत नाहीत, आच्छादन करावंच लागेल. बाटलीवरची तारीख बघा, दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली घेऊ नका.

धागाकर्ता:
आभारी आहे. बुडवण्याचं जमेल, आच्छादनाला सोयाबीनचा भुसा आहेच. फक्त आमच्या बोअरचं पाणी फार खारं आहे, भांड्याला पांढरा थर बसतो. द्रावण त्यातच करू, की पावसाचं पाणी धरून ठेवू?