दीड-दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या रक्तातलं शिसं तपासणं सक्तीचं करावं का?

वाड्यातली आई : दिवाळीआधी आमच्या जुन्या वाड्याच्या खिडक्या रंगवल्या. जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरने घासला, भुगा घरभर. दोन वर्षांची लेक त्याच फरशीवर खेळत होती. नंतर तिचं पोट दुखू लागलं, खाणं सुटलं. एका डॉक्टरांनी सहज शिसं तपासायला सांगितलं : डेसिलिटरभर (१०० मिलिलिटर) रक्तात १४ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २०२१पासून ३.५ झालं तरी लक्ष घालतात. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरात आली. त्याआधीचा रंग खिडक्या-दारांवर तसाच आहे. लशीच्या वेळीच सगळ्या मुलांचं रक्त तपासा. आम्हाला निव्वळ योगायोगाने कळलं.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक : ताई, तुमची काळजी समजते, पण सक्ती नको. शिसं बाहेर काढायचं औषध साधारण ४५च्या वरच देतात. त्याखाली काय सांगणार? ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, लोह द्या. हे तर तपासणीशिवायही सांगता येतं. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. पैसा तिथे लावा.

भंगार गल्ली : डॉक्टरसाहेब, हे पटलं नाही. माझे वडील आतलं शिसं काढायला बॅटऱ्या फोडायचे आणि त्याच कपड्यांत आम्हाला कडेवर घ्यायचे. धाकट्या भावाला शाळेत 'मठ्ठ' म्हणून मागे बसवलं. ते शिशामुळे होतं का, आता कधीच कळणार नाही, कारण कुणी तपासलंच नाही. मेंदूचं नुकसान भरून येत नाही, म्हणून तर लवकर कळायला हवं.

हळदीचा व्यापारी : मी डॉक्टरांच्या बाजूने. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, घालत. २०१९मध्ये सरकारने बाजारात धाडी टाकल्या, दंड केले, आणि दोन वर्षांत भेसळ जवळपास संपली. मुलांना सुया टोचून नव्हे, दुकानं तपासून.

वाड्यातली आई : पण दादा, हळदीवर संशय आला कशामुळे? खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं म्हणून. आधी रक्त, मग दुकान.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक : हा मुद्दा मान्य. मग बॅटरीच्या भट्ट्यांजवळची, रंगकामगारांची, जुन्या घरांतली मुलं आधी तपासू. सरसकट सगळ्यांची नको, एवढंच माझं म्हणणं.

भंगार गल्ली : परवाना नसलेली भट्टी कुठल्या यादीत सापडणार, साहेब? आमची गल्ली कुठल्याच कागदावर नव्हती.

वाड्यातली आई : आमचा वाडाही नसता. बाहेरून तो नवाकोरा दिसतो. लेकीचा आकडा आता ९ आहे. हाडांत साठलेलं हळूहळू रक्तात उतरत राहतं, असं सांगितलंय; पुढची तपासणी मार्चमध्ये.