खदान संपल्यावर वावर परत देता येतं का?

वावरवाला: आमचं वावर उमरेड पट्ट्यात, एका कोळसा खदानीच्या डंपिंगला, म्हणजे खोदून काढलेल्या मातीदगडाच्या डोंगराला लागून. गेल्या पावसाळ्यात त्या डोंगराचा गाळ नाल्यातून आला अन् धुऱ्याकडच्या पिकाच्या चार तासांवर, म्हणजे ओळींवर बसला. ऊन पडल्यावर राखाडी पापडी धरली. तूर वीतभर झाली आणि पिवळी पडली. हातात घेऊन चुरलं तर दगडाच्या चिपा आणि रेती. बाजूच्याच तासात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यात अख्खं बोट जातं.

डंपवर झाडं लावली की जमीन पूर्ववत झाली, हे मला पटत नाही. खदानीचा आराखडा करतानाच काळ्या मातीचा हिशोब ठरवा. ती आधी सोलून वेगळी काढा, खड्डा भरला की वरून पसरा. झाडांचं नंतर पाहू.

बेंचप्लॅनर: भाऊ, मी खाण नियोजनातच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. पहिला खड्डा मारताना आत टाकायला जागाच नसते, तो माल बाहेरच टाकावा लागतो. खदान पुढे सरकली की मग मागच्या रिकाम्या भागात भरणी सुरू होते. शिवाय फोडलेला दगड फुगतो, जास्त जागा घेतो. बाहेरचा डोंगर पुन्हा उचलून आत नेणं म्हणजे तोच माल दोनदा वाहणं. त्या डिझेलचा खर्च कोळशावर चढतो, आणि कोराडी-खापरखेड्याची वीज त्याच कोळशावर. डंपचा उतार २८ अंशांवर आणून त्यावर हिरवळ टिकवणं, एवढंच प्रामाणिकपणे झालं तरी तुमच्या नाल्यात गाळ येणार नाही.

वावरवाला: मी डोंगर हलवा म्हणतच नाही. एका हेक्टरवर अर्धा मीटर काळी माती धरा, ५,००० घनमीटर झाली. त्याच हेक्टरखाली ६० मीटर खोदलं तर ६,००,००० घनमीटर माल निघतो. म्हणजे १२० डंपरांमागे एक डंपर वेगळ्या जागी रिकामा करायचा. हे महाग कसं?

कन्हानकाठ: माझं मत वेगळं आहे. आमच्या घरानं २ एकरामागे एक नोकरी या धोरणात जमीन दिली. भाऊ लागला, घर बांधलं, बहिणीचं लग्न झालं. मोबदला घ्यायचा आणि वावरही मागायचं, हे बरोबर नाही. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं घेतलेली जमीन सरकारी कंपनीच्या नावे होते. २०२२ च्या धोरणातही ती भाडेपट्ट्यानं वापरायला देता येते, मालकी कंपनीचीच राहते. मग माती पसरून सातबारा कोणाचा? त्यापेक्षा शेवटचा खड्डा पाण्याला ठेवा. उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतो, मला तूर नको, पाणी हवं.

वावरवाला: पाण्याला माझा विरोध नाही, शेवटचा खड्डा तसाही उरतोच. पण तुमचा भाऊ साठीला घरी बसेल, त्याच्या पोराकडे ना नोकरी ना वावर. निदान गावातल्या भूमिहीनांना कसायला भाड्यानं तरी द्या. आणि माती आज डोंगराखाली गाडली तर उद्या कायदा बदलूनही उपयोग नाही.

मातीपरीक्षा: माती परीक्षणाचं काम करते म्हणून दोन शब्द. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यात रस गाळून उरलेली मळी (प्रेसमड) आणि जिवाणू खतं वापरून झाडं जगवून दाखवली. म्हणजे निव्वळ दगडावरही जंगल उभं राहतं. पण ते जंगल, शेत नव्हे. शेतासाठी मूळ माती लागते, तीही जिवंत. वर्षानुवर्षं उंच ढिगात दाबून ठेवली तर आतल्या पिकाला उपयोगी बुरश्या मरतात. ढीग बुटका हवा, त्यावर ताग किंवा धैंचा पेरलेला हवा. सगळ्यात चांगलं म्हणजे पुढच्या पट्टीची माती सोलून थेट मागच्या भरलेल्या पट्टीवर टाकणं.

बेंचप्लॅनर: कोळशाचा थर सपाट असेल तर ते जमतं. थर तिरका असला की आतली भरणी घसरते, म्हणून ती कोळशापासून बरीच मागे ठेवावी लागते, आणि तोवर माती पडूनच राहते. मात्र १२० ला एक हा हिशोब मला खोडता येत नाही. पैशाचं म्हणाल तर २०२० च्या नियमांत उघड्या खदानीला हेक्टरी ९ लाखांच्या दरानं खदान बंद करण्याचा निधी वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं होतं. मातीचा खर्च त्यात स्वतंत्र दाखवता येईल.

वावरवाला: मग येत्या जनसुनावणीत लेखी विचारतो: काळी माती किती घनमीटर, ठेवणार कुठे, आणि कोणत्या वर्षी कोणत्या पट्टीवर परत पसरणार? कन्हानकाठ, तुमचा पाण्याचा मुद्दाही लिहून द्या, एकाच अर्जात टाकू.

कन्हानकाठ: पाण्याचा देतो. वावराच्या मागणीवर मात्र माझी सही नाही.