मदत हवी आहे: "माझं अंगच ताठ आहे" म्हणणाऱ्या नवशिक्यांना प्रगती कशी दाखवावी?

नवशिक्यांच्या योगवर्गासाठी विचारतेय. पश्चिमोत्तानासनात (पाय पुढे पसरून बसायचं आणि पुढे वाकायचं) हात पावलांपर्यंत पोहोचले नाहीत की काही जण "हे आपलं काम नाही" असं ठरवूनच टाकतात. उरलेले श्वास रोखून, पाठीला पोक काढून कसेबसे अंगठे पकडतात आणि मग कंबर धरते. मूळ अडचण बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूंची. ते आखडलेले असले की कटिभाग (पेल्विस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा भाग) पुढे झुकत नाही आणि सगळा वाक कमरेच्या मणक्यांवर येतो.

बैठकीखाली घडी घातलेली चादर, गुडघे किंचित वाकवलेले, तळव्यांभोवती पट्टा आणि 5 संथ श्वास, एवढ्याने आसन सुधारतं. लक्ष मात्र पायाच्या बोटांतच अडकलेलं. "जमत नाही"ऐवजी "अजून जमत नाही" म्हणायला सांगितलं, पण ते पाठ केल्यासारखं म्हणतात. सरसकट "छान, छान" तर उलटंच पडतं; खोटं कौतुक लगेच कळतं. फोटो काढून पाहिले, तर तुलना शेजारच्याशी सुरू झाली!

वयोगट मिश्र आहे, वर्ग आठवड्यातून 3 दिवस. स्लिप डिस्क किंवा सायटिका असलेल्यांना हे आसन देतच नाही, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवूया.

हात कुठवर पोहोचला हे सोडून, पहिल्या महिन्याभरात नवशिक्याला स्वतःलाच जाणवेल अशी कोणती खूण वहीत नोंदवायला द्यावी? श्वासाची लय, पट्टा पकडण्याची जागा, की आणखी काही? आणि नोंद दर वर्गाला घ्यावी की आठवड्यातून एकदाच?