मदत हवी आहे: नेरुळमध्ये मापाने विंडसर्फिंग बोर्ड बनवून देण्याचा छोटा व्यवसाय

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावतोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागून उपयोग नाही.

मी नेरुळचा. रबाळे एमआयडीसीत फायबरच्या एका कारखान्यात १७ वर्षं काढली. टाक्या, पत्रे, होड्यांची झाकणं, सगळं हाताखालून गेलं. मागच्या वर्षी कारखाना गुजरातला हलला, मी इथेच राहिलो. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पाण्यात धावणं, गेली सहा वर्षं करतोय, शनिवार-रविवार, वारा असेल तेव्हा.

सुरुवात मुलीमुळे झाली. ती १४ वर्षांची, वजन ४३ किलो. शिकवणीचा बोर्ड २०० लिटरचा, मोठ्या माणसासाठी केलेला. तिला तो वाळूवरून पाण्यापर्यंत एकटीने नेता येत नव्हता, आणि पाण्यात पायाने कड दाबली तरी तो वळत नव्हता. शिक्षक म्हणायचे, वजन वाढलं की जमेल. मला ते पटेना. १ लिटर आकारमान म्हणजे साधारण १ किलो भार तरंगतो. पोरीचे ४३, शीड-डोलकाठी आणि बोर्ड मिळून १६-१७, वर तोल सांभाळायला पुरेशी शिल्लक, तर ११५-१२० लिटरमध्ये काम भागतं. तिच्या मापाचा बोर्ड मीच केला.

आतला गाभा पांढऱ्या थर्माकोलचा, घनमीटरला १६ किलोवाला. १२० लिटरला दोन किलोसुद्धा भरत नाही. त्यावर काच-कापड, मग ३ मिलिमीटरची पीव्हीसी फोमची पातळ शीट, पुन्हा काच-कापड. सगळं इपॉक्सी रेझिनमध्ये. आमच्या कारखान्यातलं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन इथे चालत नाही, त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं. जिथे टाचा पडतात तिथे कापडाचे जादा थर, आणि डोलकाठी जिच्यात बसते त्या पट्टीखाली व फिनच्या (तळाच्या उभ्या पात्याच्या) खोक्याभोवती जड फोमचे ठोकळे.

आकार कापायला मला ठाण्याचे एक मखरवाले काका मिळाले. २०१८ला सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि त्यांचा तीस वर्षांचा धंदा बसला. तापल्या तारेने कमान कापायची त्यांची हातोटी बघितली आणि मी थक्क झालो. बोर्डाच्या तळाची पुढची उचल पहिल्याच कापात दोन्ही बाजूंना सारखी आली. मी पट्टी लावून मोजली, मिलिमीटरचाही फरक नव्हता. हा माणूस सोबत असणं हीच माझी अर्धी हिंमत आहे.

पहिला बोर्ड हाताने लॅमिनेट केला, वजन ११.२ किलो. दुसऱ्याला व्हॅक्यूम पंप लावला, तो ८.७ किलोवर आला. पंप पूर्ण ओढू दिला तर हलका थर्माकोल चेपतो, म्हणून अर्ध्या बारच्या (हवेच्या दाबाच्या साधारण निम्म्या) आत ठेवला.

हा दुसरा बोर्ड घेऊन एप्रिलमध्ये अलिबागला निघालो. ठाण्याच्या खाडीत चाचणी करायचा प्रश्नच नाही. २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२पासून रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), शिवाय ओहोटीला नुसता चिखल. वडखळच्या नाक्यावर दोन तास अडकलो. बोर्ड गाडीच्या टपावर, मुलीच्या आवडीचा गडद निळा रंग दिलेला, वर एप्रिलचं ऊन. किहीमला उतरवला तर उजव्या टाचेच्या जागी हाताच्या पंजाएवढा फुगा. आतली हवा तापून फुगली, तिला बाहेर जायला वाट नव्हती, कातडी सुटली. हवेचा स्क्रू मी बसवलाच नव्हता. टाकीत हवा कोंडली तर काय होतं हे मला माहीत होतं, तरी बोर्डाच्या बाबतीत सुचलं नाही. मुलगी काही बोलली नाही, फुग्यावर बोट दाबून बघत राहिली. त्या दिवशी ती पाण्यात उतरलीच नाही. हे गिऱ्हाइकाच्या बोर्डाचं झालं असतं तर?

आता अडचणी सांगतो.

गिऱ्हाईक कोण, हे नीट दिसत नाही. आपल्या एबाद अलीने हांगझोऊच्या एशियाडमध्ये विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात ब्राँझ आणलं तेव्हा वाटलं की आता मुलं या खेळाकडे वळतील. पण शर्यतींतले बहुतेक वर्ग ठरावीक साच्याचे असतात. पॅरिस ऑलिंपिकपासून आलेला आयक्यूफॉइल हा वर्ग तर एकाच कंपनीचा बोर्ड. तिथे माझा बोर्ड नियमातच बसत नाही. म्हणजे उरले हौशी लोक, लहान मुलं आणि गोवा-अलिबागच्या शिकवण्या. एवढ्यावर दोन घरं चालतील का?

भाव कसा लावायचा? दुसऱ्या बोर्डाला मटेरियलच २९ हजारांचं लागलं, त्यात पीव्हीसी फोम आणि फिनचं खोकं सगळ्यात महाग. आमचे दोघांचे मिळून ७० तास गेले. हमी द्यावी का? दिली तर किती महिन्यांची, आणि कशाची?

पावसाळ्यात काय करायचं? दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर धरत नाही. चार महिने काम बंद ठेवणं परवडणार नाही.

तुर्भ्यात अर्धा गाळा बघून ठेवलाय. टोकन द्यायच्या आधी इथे विचारतोय. भांडवल माझ्याकडे साडेचार लाख आहे, पीएफमधून काढलेलं. काही चुकतंय का ते स्पष्ट सांगा.

प्रतिसाद: दिवाळेकर

दादा, मी दिवाळे गावात होड्यांचं फायबर करतो. पावसाळ्याचं आधी सांगतो. सगळा गाळा कोरडा करायच्या मागे लागू नका. प्लायची बोर्डाएवढी खोली करा, आत एसी किंवा डीह्युमिडिफायर. मेणचट थर साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुऊन निघतो. धुवा, सुकू द्या, मगच घासा. न धुता पॉलिश पेपर मारला तर तो थर आत चोळला जातो. मे महिन्यात मंद हार्डनर (इपॉक्सीत कालवायचा, ते कडक करणारा भाग) वापरा, भांड्यात जास्त कालवून ठेवू नका. पसरट ट्रेमध्ये ओता, म्हणजे तापत नाही.

आणि हातमोज्यांचा आळस करू नका. आपण पॉलिएस्टरवाले बोटांनी रेझिन पुसायला सवकलेले असतो. इपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर सुटत नाही. माझ्या चुलतभावाला तो धंदाच सोडावा लागला. त्या काकांनाही सांगा.

माझं मत विचाराल तर नवे बोर्ड मागाहून. आधी दुरुस्ती घ्या. फुटलेल्या नाकाचे, पाणी प्यायलेले बोर्ड गावोगाव पडून आहेत, मालकांना कुठे द्यावे कळत नाही. उघडून बघाल तेव्हा दुसऱ्यांनी काय चुका केल्या ते फुकटात शिकाल.

प्रतिसाद: हिशेबनीस

टोकन थांबवा. कारण सांगतो.

तुम्हाला पीएमईजीपीतून (केंद्र सरकारच्या रोजगारनिर्मिती योजनेतून) कर्ज घ्यायचं असेल तर ती योजना नव्या युनिटसाठी आहे, आधीच सुरू केलेल्या युनिटला मिळत नाही. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के अनुदान, महिलांसह विशेष गटांना २५ टक्के. वहिनी खरोखर व्यवसायात उतरणार असतील तर त्यांच्या नावाने अर्ज करण्याचा विचार करा, पण नुसत्या नावापुरतं करू नका. ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आत्ताचे नियम तपासा. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

जीएसटीत एक खाच आहे. फक्त मालच विकलात, आणि तोही राज्यातच, तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. गोव्याला एक बोर्ड जरी विकलात तरी पहिल्या रुपयापासून लागते. दुरुस्ती ही सेवा, तिला २० लाखांपर्यंत सूट आहे आणि ती परराज्यातल्या गिऱ्हाइकाची असली तरी चालते. म्हणून दिवाळेकरांचा सल्ला हिशेबाच्या बाजूनेही बरोबर वाटतो.

७० तासांचं: तुमच्या दोघांच्या तासाला २५० जरी धरले तरी साडेसतरा हजार. मटेरियल धरून साडेशेहेचाळीस. त्यावर भाडं, वीज आणि बिघडलेला एखादा बोर्ड. साठच्या खाली विकू नका.

प्रतिसाद: खारे वारे

मी ५२ किलोची आहे आणि तुमच्या मुलीची अडचण अगदी माझी आहे. पायपट्ट्यांची भोकंसुद्धा माझ्या पावलांसाठी फार लांब असतात. साठ हजार मी देईन, पण हवेचा स्क्रू असलेला आणि पांढऱ्या रंगाचा बोर्ड हवा. हमी द्यायची तर कातडी सुटण्याची द्या, आपटून फुटण्याची नको. एक हंगाम पुरे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गाळ्याचं टोकन थांबवलं. काकांना हार्डनरचं वाचून दाखवलं, ते आजच नायट्राइलचे मोजे घेऊन आले.

हमीची अट खारे वारे ताईंनी सांगितली तशीच ठेवतो. ताई, तुमच्या पायपट्ट्यांमधलं अंतर टाचेपासून मोजून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घाई नाही. आधी मुलीचा बोर्ड सोलून, स्क्रू बसवून, पांढरा करून एप्रिलच्या उन्हातून पार पडू दे, मग तुमचा हातात घेईन.

तोवर दुरुस्ती. अलिबाग, किहीम, मांडवा भागात कुणाकडे पाणी प्यायलेला बोर्ड पडून असेल तर कळवा. मित्राच्या गॅरेजची एक बाजू मिळाली आहे. पहिले तीन बोर्ड फक्त मटेरियलच्या खर्चात करून देईन. आणताना वजन करेन, सुकल्यावर पुन्हा करेन, आणि किती पाणी निघालं ते मालकाला लिहून देईन.